सामाईक आड

बाबा, माझं लग्न ठरवायला तुम्ही ठाण्याच्या या घरी येऊन गेलात, तेव्हा परतल्यावर आईला आधी काय सांगितलंत ते मला आठवतं. "परसात आड आहे. पोरीला पाण्यासाठी उंबरा ओलांडावा लागायचा नाही." मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. कल्याणच्या तळ्यावरून घागरी आणून आणून आईच्या कमरेला घट्टा पडला होता, म्हणून तुम्हांला तेच मोठं सुख वाटलं असेल. आईला मात्र तळ्यावर जायला आवडायचं. तिथे बायका भेटायच्या.

तुमचं म्हणणं अगदी खरं झालं. सणावारी देऊळ आणि तुमच्या आजारपणात एकदा कल्याण, एवढं सोडलं तर मी कुठे गेले नाही. माजघर, स्वयंपाकघर, परस. पण आड सामाईक होता. वर मधोमध भिंत, अर्धं तोंड आमच्याकडे, अर्धं शेजाऱ्यांकडे. पलीकडे शेजारची सून पाणी काढायची. तिचा चेहरा मी कधी धड पाहिला नाही, पण पोहरा सोडायला वाकलं की तिचा आवाज आतून घुमत यायचा. "आज काय केलंत हो?" "अळू." "अगंबाई, आमच्याकडेपण अळूच!" आणि आम्ही दोघी हसायचो. बाकी काही नाही. त्यासाठी मी नको असलेलं पाणीही काढायचे आणि केळीला ओतायचे.

तुम्ही देवाघरी गेल्यानंतरची गोष्ट. आगगाडीपायी गावात माणूस वाढलं, घरांना जागा पुरेना. आमच्या मागचं तळं बुजवून तिथे नवी आळी वसवायची असं म्युनिसिपालटीत घाटत होतं. मामंजी मेंबर, त्यामुळे बोलणी आमच्याच ओसरीवर. मी दाराआड पानाचं तबक घेऊन उभी. "घरोघर आड आहेत. तळं हवंय कुणाला?" मामंजी म्हणाले. मागे एकदा गाळ काढायला तळं उपसलं होतं, तेव्हा आमच्या आडात नुसता चिखल उरला होता. तळं भरलं, तसा आडही भरला. ते मला आठवलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "तळं बुजवलं तर आड आटतील. खालून खाडीचं पाणी शिरेल."

ओसरीवर कुणीतरी हसलं. हे आत आले आणि माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. मंडळी गेल्यावर मामंजी दारात येऊन शांतपणे म्हणाले, "सूनबाई, पाणी काढणं तुझं काम. ते येतं कुठून, ते आम्ही पाहू." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तळं बुजलं. आळी वसली, तिथे ज्याने त्याने आपापला आड खणला. आमच्या रहाटाला आधी दोर पुरेना, मग पाणी मचूळ झालं, डाळ शिजेना. सासूबाईंना म्हटलं, मी जाईन की खालच्या दुसऱ्या तळ्यावर. "मेंबराची सून घागर घेऊन रस्त्याने? लोक शेण घालतील तोंडात!" मग पाणक्या लावला. तो मागच्या दाराशी हंडे ओतून जातो. पोरंबाळं पडायला नकोत म्हणून आडावर फळ्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडेही ठोकल्याचं ऐकू आलं.

परवा दुपारी भांडी घासताना फळ्यांखालून कुणी बोलल्यासारखं वाटलं. मी कान लावून बसले. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, काय हरवलं?" "काही नाही," म्हणाले आणि पुन्हा राख घेतली हातात. पलीकडची ती बोलली होती की मला भास झाला, कोण सांगणार? आमच्या दोन परसांत एक भिंत आहे फक्त, आणि तिचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

हा कागद कुणाच्या हाती लागायच्या आत चुलीत जाईल. आणि खरं सांगू का बाबा, तुम्ही असतात तर यातलं एक अक्षरही मी लिहिलं नसतं. मी सुखात आहे, पाणी गोड आहे, एवढंच कळवलं असतं.