तापलेल्या जॉबचं माप

बाबा, येत्या रविवारी माझा बाप्तिस्मा ठरला आहे. साकीनाक्याला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर पंचवीस-तीस माणसांची प्रार्थना भरते, तिथे. मी तिथे गेलो होतो भांडायला. शुभवर्तमान वाचलं तेही खोडून काढण्यासाठी, समासात पेन्सिलीने हरकती लिहीत. त्याआधी तुमची सून सात आठवडे इस्पितळात होती, तेव्हा त्या प्रार्थनेतल्या दोन बायका रोज पेज घेऊन यायच्या. मी वाट बघायचो, आता या धर्माचं काढतील आणि मी त्यांना फैलावर घेईन. त्या डबा धुऊन निघून जायच्या. पुढे पुस्तकात गुरू वाकून शिष्यांचे पाय धुतो त्या पानावर आलो, आणि मला हरकत सुचली नाही.

कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला मरोळच्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं. सगळ्या मशिनींवर दसऱ्याचे वाळलेले हार, तुमचा लेथ तेवढा मोकळा. "शेठ, मी हिला रोज पुसतो, पूजत नाही," असं तुम्ही मालकाला सांगितलं होतंत. पेढे मात्र दोन घेतले होतेत. मी एक शाफ्ट कातला, लगेच माप घेतलं, जाड भरला म्हणून आणखी एक हात मारला. निवल्यावर तो बारीक निघाला, बेअरिंग त्यावर डुगडुगायला लागलं. तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवलात. "कातताना जॉब तापतो, तापला की फुगतो रे. तापलेल्याचं माप घ्यायचं नसतं. कातलेलं परत चिकटत नाही."

ऐकलं, आणि जन्मभर तापलेलाच बोलत राहिलो. घाटकोपरच्या त्या सभेत मी गरजलो, की धम्मदीक्षा घेऊनही ट्रंकेत देव लपवणारी माणसं अर्धीच माणसं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तुम्ही बसला होतात, आणि आपल्या ट्रंकेत आजीचा खंडोबाचा टाक आहे हे मला ठाऊक होतं. घरी आल्यावर चहा ओतता ओतता तुम्ही म्हणालात, "माईक चांगला होता." मग हळूच, "तुझी आजी होती तोवर तिच्यादेखत तो पाण्यात सोडवला नाही. गेली, मग तिचा म्हणून ठेवला. तुला त्यात देव दिसतो, मला आई दिसते."

आता पाळी माझी आहे. रविवार ठरण्याआधी तिथल्या पाळकांना तीनदा सांगितलं, अजून थोडं थांबतो. ते हसायचे, "सर, पाणी कुठे पळून जात नाही." तुमची सून विहारात जातच राहणार आहे. ती म्हणाली, "तू जा रे. पण तिथल्या बायकांना मी काय सांगू ते लिहून दे. आणि छोटं लिही." ज्या पंचशीलाने आपल्या घराला ताठ उभं केलं, त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखं होईल, आणि कातलेलं चिकटत नाही, हे मला कळतं. म्हणून वर्षभर हा जॉब निवत ठेवला. अधूनमधून माप घेतो. तेवढंच भरतं.

तरी पाय अडतो. का अडतो ते मला काल कळलं. पाळकांनी सहज विचारलं, "सर, घरात जुनं काही देवाचं उरलंय का?" मी तिथल्या तिथे म्हणालो, नाही.

तुम्ही गेल्यापासून टाक माझ्या कपाटात आहे बाबा, तुमच्या मायक्रोमीटरच्या डबीत. हे पत्रही घडी घालून त्यातच ठेवणार आहे. रविवारच्या आधी त्यांना खरं सांगायला हवं. तुम्ही मला सांगितलंत तसं, चहा ओतता ओतता, हळू आवाजात. तसं बोलायला मी कधी शिकलोच नाही.