चौदा व्हॉल्व्ह आणि माझं डोकं

३ जानेवारी
गाव वाढलं. टेकाडावर शंभरेक नवी घरं झाली, पाइप मात्र तेच जुने. म्हणून आता नवी टाकी, मोठी लाइन. कामावर इंजिनिअर बाई आल्यात. जुन्या लाइनचा नकाशा मागत होत्या. म्हटलं, नकाशा कशाला? सव्वीस वर्षं गावाला पाणी मीच सोडतोय. चौदा व्हॉल्व्ह, सगळे डोक्यात. म्हणाल्या, डोक्यातलं कागदावर द्या. उद्या देतो. फार तर परवा.

६ जानेवारी, सकाळ
नकाशा काढायला बसलो. टाकी छान जमली. पाइप राहिले. पाठ धरली. अशी कामं घाईने करू नयेत.

११ जानेवारी
कागदापेक्षा जागेवर दाखवणं बरं. बोट ठेवलं तिथे खणलं. पाइप नाही. हातभर सरकून खणलं. नाही. तिसऱ्या खड्ड्यात टेलिफोनची केबल सापडली. म्हणजे तुटली. जमीन सरकते, हे कोणी लक्षातच घेत नाही. बाईंनी तिन्ही खड्ड्यांचे फोटो काढून घेतले. अनुभवाची कदर आहे बाईला.

१२ जानेवारी
आज एकाही तक्रारीचा फोन नाही. अर्ध्या गावाचे फोन बंद आहेत, ते वेगळं.

१५ जानेवारी
थोरली ताई न बोलावता कामावर हजर. तिचं घर लाइनच्या अगदी शेवटी. बाईंना सांगायला लागली, न्हाव्याकडे पाणी आलं की दहा मिनिटांनी माझ्याकडे येतं, आणि धार आधी शिंप्याकडे बारीक होते. म्हणजे पाइप शिंप्याच्या ओट्याजवळच वळत असणार. खणलं. निघाला. मी तेच सांगणार होतो.

२ फेब्रुवारी
बाईंचा मुक्काम आता ताईच्या ओट्यावर. गल्लीतल्या बायका जमतात, कुणाकडे पाणी कधी येतं, किती टिकतं ते सांगतात. बाई लिहून घेतात. नकाशा तयार. मला दाखवला. बरा आहे. शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली.

१९ मार्च
उद्या टेस्टिंग. रजा टाकली. मुद्दामच. माझ्यावाचून थेंब हलतो का बघू. धावत येतील. लगेच जाणार नाही.

२० मार्च
६.३०. फोन चार्ज करून जवळ ठेवला.
७.००. कोणी नाही. घाबरले असतील.
७.२०. बायको आतून ओरडली, धारेच्या जोराने तांब्या हातातून उडाला म्हणून. विचारलं, व्हॉल्व्ह कोणी उघडले? म्हणाली, बटणावर आहे आता सगळं.
रजा मंजूर झाल्याचा मेसेज आला.

२१ मार्च
ताईकडे गेलो. तिची बादली भरत होती. इतक्या सकाळी तिला रिकामी बसलेली प्रथमच पाहिली. म्हटलं, बघ, जुन्या लाइनला प्रेशरच नव्हतं, मी तरी काय करणार?
ताई म्हणाली, प्रेशर होतं रे. तू शेवटचा व्हॉल्व्ह रोज पाव तास आधीच बंद करायचास. बाईंनी सगळ्यांच्या वेळा मांडल्या, त्यात दिसलं. मला आधीपासूनच माहीत होतं.
मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?
म्हणाली, पहाटेपासून उपाशी फिरायचास. म्हटलं, जाऊ दे घरी लवकर.
बादली भरून वाहायला लागली. निदान तोटी तरी बंद करावी म्हणून उठलो. ताईने तोवर केलीही होती.