पस्तीसला पास

१४ जानेवारी २०२३, आगाशी
संक्रांत. डायबेटिसला वीस वर्षं झाली. आजपासून गोड बंद. तिळगूळ एकच. शेजाऱ्यांचा आणि देवळातला धरत नाही, तो मान राखण्यापुरता.

१९ जानेवारी
विरारला किडनीच्या डॉक्टरांकडे. निघाला सिप्रियन! माझा विद्यार्थी. आठवीत गणितात तेहतीस. दोन मार्कांसाठी स्टाफरूमबाहेर रडला होता, मी दिले नाहीत. म्हणाला की साखरेने किडनी खराब होत चाललीय, लघवीतून प्रोटीन जातंय. जाणारच. विनया रोज डाळ खाऊ घालते, जास्तीचं बाहेर पडतं. किडनी किती काम करते त्याचा आकडा एक्केचाळीस. सिप्रियनचा चेहरा पडला. अरे, पस्तीसला पासिंग! याचं गणित अजून कच्चंच.

२० जानेवारी
विनयाने डाएट चार्ट फ्रिजवर लावला. दोघांना एकच जेवण, चहाही बिनसाखरेचा. तिला कशाला शिक्षा? पण बायको नवऱ्याचं ऐकेल तर ना.

८ सप्टेंबर
छत्तीस. अजून पास. पाय सुजलेत असं विनया म्हणते. पाय ठीक आहेत, चपला आखडल्यात. हल्ली चामडं हलकं वापरतात.

३ मार्च २०२४, दुपारी तीन
वाडीतली राजेळी केळी वाळवून सुकेळी तयार. डबा माळ्यावर ठेवला. उन्हात पाण्याबरोबर साखरही उडून जात असावी. एक खाल्लं. विनया झोपलेली.

चार वाजता
पडताळा म्हणून आणखी दोन.

२१ नोव्हेंबर
एकतीस. चारच मार्कांचा प्रश्न. बोर्डसुद्धा ग्रेस देतं, असं सिप्रियनला सुनावलं. तो हसला नाही. म्हणाला, सर, इथे ग्रेस नसते, गेलेला मार्क परत येत नाही. जुना राग, दुसरं काय!

२ जून २०२५
तेवीस. उद्यापासून रोज चालणार. रस्ता पाहून ठेवावा म्हणून आज रिक्षाने फिरून आलो.

१० ऑक्टोबर
सतरा. सिप्रियनने डायलिसिस समजावलं. नाहीतर कुणीतरी किडनी द्यायची. मी रिचेकिंगचं, म्हणजे दुसऱ्या लॅबचं बोलणार होतो, तेवढ्यात विनया म्हणाली, माझी तपासा.

२४ नोव्हेंबर
विनयाचे रिपोर्ट आले. ब्याण्णव. रक्तगटही जुळतो. सिप्रियन म्हणाला, बाईंनी पथ्य फार छान पाळलंय. पथ्य माझं होतं. जवळजवळ तीन वर्षं ते तिने पाळलं, आणि मी माळ्यावर. आधी हसू आलं, मग फार लाज वाटली.

परतताना रिक्षात म्हटलं, नको देऊस. तिने लक्षच दिलं नाही. म्हणाली, या वयात माळ्यावर चढत जाऊ नका, पडाल. मग एवढंच विचारलं, की अहो, ही दिली तर सांभाळाल ना?

सदतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले. जो गप्प राहिला त्याला बाकावर उभा केला. रिक्षा आगाशीला पोचली तरी मला उत्तर देता आलं नाही.