संत सिल्वानच्या पेटीवरची शपथ

प्रिय सिगो,

आमच्या बिशप व्हालेरिआनने लिहिलेल्या संत सिल्वानच्या पोथीला दोनशे बारा वासरं लागली. लोक दीडशे सांगतात, पण कातडी मी पुरवली. चुन्यात भिजवून, घासून, ताणून एकेक चर्मपत्र मी केलं. भोकं पडून फुकट गेलेली बासष्ट कुणी धरत नाही. शिवाय एक माणूस लागला, तोही कुणी धरत नाही. आपल्याबरोबर वाढलेला गुंडो.

तू तिकडे नदीखालच्या चर्चमध्ये वेदीला पाठ लावून बसला आहेस आणि दाराशी सरदार हार्डेरिकची माणसं कुऱ्हाडींना धार लावताहेत, हे मला बाजारात कळलं. हार्डेरिकच्या भावाने तुझं कोठार पेटवलं तेव्हा आत तुझा सासरा होता. तू त्या भावाला भरल्या ताटावर खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलंस. बरं केलंस असं मी लिहिणार नाही, पण बातमी ऐकली त्या दिवशी दारूचा एक पेला जास्त घेतला. वेदीपाशी आहेस तोवर तुला कुणी हात लावणार नाही. देवाच्या घरात रक्त सांडलं तर कुळ नासतं, हे हार्डेरिकही जाणतो. प्रश्न एवढाच, की तू बाहेर कुणाच्या शब्दावर येतोस.

आमचा म्हातारा बिशप तुला ठाऊक नाही. जुन्या रोमन घराण्यातला. तरुणपणी घोड्यावरून लढला, गालावर अजून वण आहे. आधीचा बिशप वारला आणि चाळीस दिवसांत याचं डोकं भादरून याला गादीवर बसवलं. दुष्काळात त्याने कोठारं उघडली, त्याच्या हातची सातूची पेज मी प्यायलो आहे. आपल्या जुन्या मालकाकडून मला सोडवलं तेही त्यानेच. म्हणाला, "मेरुल्फा, तुझे कान लांब आहेत. जीभ आखूड ठेव, मोठा होशील." झालो. मालकाच्या पाद्र्याने तुझ्या-माझ्या पाठीवर छड्या मोडून शिकवलेली अक्षरं चर्मपत्रांच्या धंद्यात कामी आली. आज सहा खेचरं आहेत माझी, बिशपचा प्रवास त्यांच्याच पाठीवर होतो.

अकरा वर्षांपूर्वी गुंडो असाच आमच्या वेदीपाशी येऊन बसला. हार्डेरिकच्या कारभाऱ्याचा हात मनगटातून तोडून आला होता. सतराव्या दिवशी बिशपने संत सिल्वानच्या अस्थींची पेटी आणवली, तिच्यावर हात ठेवला, त्या हातावर हार्डेरिकने हात ठेवला. बिशप म्हणाला, "पोरा, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही." बिशपचे डोळे भरून आले होते. गुंडो माझ्याकडे वळला. "मेर्‍या, जाऊ का रे?" मी हसलो. "येड्या, अस्थींवर हात ठेवून खोटं बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी जिवंत पाहिलायस कधी? जा."

तो गेला. तिसऱ्या पायरीवर पहिली कुऱ्हाड गुडघ्यात बसली. तो खाली पडून उंबऱ्याकडे सरपटत होता, आणि हार्डेरिकच्या माणसांनी त्याला पायाला धरून मागे ओढलं, म्हणजे रक्त देवाच्या हद्दीबाहेर पडावं. एकाने पाठ फोडली, दुसऱ्याने मान. मान दोन घावांत तुटली नाही. मग हार्डेरिक स्वतः घोड्यावरून उतरला. "एवढंही जमत नाही का रे, हरामखोरांनो?" पायऱ्या मी धुतल्या. दगडाच्या भेगांतलं सुरीने खरवडून काढावं लागलं.

मग सगळं गाव वाट बघत बसलं, हार्डेरिकवर संत कधी कोपतो याची. अंग झडेल, वीज पडेल, निदान जीभ सुजेल. तो जाडजूड झाला, त्याला जुळे मुलगे झाले. तेव्हा बिशपने पोथीत लिहिलं, की गुंडोने कबुलीच्या वेळी एक पाप लपवलं, म्हणून संताने त्याच्यावरची कृपा काढून घेतली. त्या पानाचं कातडं माझं. मी ते पान वाचलं आणि मानलंही. अकरा वर्षं मी गुंडोलाच दोष देत आलो, सिगो.

गेल्या उत्सवात बिशपने भर गर्दीत पोथी वाचली. पेटीत म्हणे संताचं अख्खं शरीर आहे, त्याच्या पुण्याचं वजन असं, की चार दणकट माणसं लागल्याशिवाय ती जागची हलत नाही. मिरवणुकीत चार डीकन, बिशपच्या हाताखालचे पाद्री, घाम गाळत ती फिरवतात. खाटकाची बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "एवढासा संत, आणि बैलाचं ओझं!" मी तिला दटावलं.

परवा बिशप तुझ्याकडे येतो आहे, पेटी घेऊन, हार्डेरिकला घेऊन. तो तुला पोरा म्हणेल, शपथ घेईल, रडेल. ते रडणं खोटं नसतं, तिथेच घात होतो. बाहेर येऊ नकोस. हे पत्र वाम मासे विकणाऱ्या लांडोच्या टोपलीतून येतंय. उद्या पहाटे त्याची होडी चर्चच्या नदीकडच्या खिडकीखाली असेल, तीत उतर आणि समुद्र लागेपर्यंत मागे पाहू नकोस. हे मी आजच का लिहितो आहे ते ऐक. खेचरं माझी, म्हणून लादणंही माझं, आणि डीकन अजून प्रार्थनेत होते. ज्या पेटीत अस्थीच नाहीत तिच्यावरची शपथ मोडली, तर संत कोपणार कुणावर? सिगो, ती चौघांची पेटी आज सकाळी मी एकट्याने, एका हाताने खेचरावर चढवली.

तुझाच,
मेरुल्फ