बारा किटांची चावी

६ जानेवारी, सोमवार
नवी डायरी. आज वरुण साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणायचं, वय छत्तीस! मी सिल्वासात या कंपनीचा पहिला बॉयलर पेटवला तेव्हा हा शाळेत नाक पुसत असेल. म्हणाले, कामगारांसाठी मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामिंगचा क्लास काढायचाय, तुम्ही घ्या. १० मार्चला बॅचने एक चालणारी वस्तू करून दाखवायची. जमलं तर मला एक वर्षाचं एक्स्टेंशन, नाहीतर ३१ मार्चला रिटायरमेंट, नारळ आणि शाल.
लगेच हो म्हटलं. रिटायर होऊन नाशिकला गॅलरीत बसणं मला मानवणार नाही.
मायक्रोकंट्रोलर म्हणजे नक्की काय ते उद्या बघतो. ज्याला बॉयलर कळला त्याला सगळं कळतं.

८ जानेवारी
किट आली. बारा. खोक्यावर चक्क ‘हॉबी किट’. शी! मी इंपोर्टेड मागितली होती, परचेसवाल्याने भातुकली पाठवली. एक निळा बोर्ड (हाच म्हणे तो मायक्रोकंट्रोलर), वायरी, शेंगदाण्याएवढे दिवे, बझर. स्वस्तातल्या सामानावर शिकलेला माणूस स्वस्तातच राहणार.
सगळी कपाटात. चावी माझ्या खिशात. आधी थिअरी.

१३ जानेवारी, सकाळी ८
पहिला क्लास. बारा जण, बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, नरोलीत खोल्या करून राहणारे. वाइंडिंग लाइनची रोहिणी. तिची शेजारीण मंजुळाबाई, पॅकिंगला, वय पंचेचाळीस, कशाला आल्या देव जाणे. फोर्कलिफ्टवाला वाल्मिक.
दीड तास संगणकाचा इतिहास. दोघे झोपले. म्हणे नाइट करून आलोय. जिद्दच नाही या लोकांत.
रोहिणीने विचारलं, सर, किट कधी उघडायचं? म्हटलं, योग्यता आल्यावर.

१५ जानेवारी
क्लासला तिघे. बाकी सगळे वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणून गच्च्यांवर पतंग उडवतायत. हजर तिघांनाही मांजाने बोटं कापलेली. बायनरी शिकवली. मंजुळाबाई अहिराणीत काहीतरी बोलल्या आणि उरलेले दोघे खो खो हसले. मला अहिराणी येत नाही. बरंच आहे.

२० जानेवारी
ओहमचा नियम, भाग पहिला. रोहिणीने परत किटचं विचारलं. भोचक आहे.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून घरी आलो. सगळी किट घरी आणलीत, तपासणीसाठी. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे लॅपटॉपला बोर्ड जोडला. बोर्डावरचा दिवा लागतो, पण लॅपटॉप म्हणतो बोर्डच नाही. दुसरा लावला. तेच. बाराच्या बारा बाद! मी म्हटलंच होतं.
बायको, सुनीता, म्हणाली, व्हिडिओतला मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचा बरा चालतो. आमच्या घरात टेक्निकल विषयात मत द्यायची सगळ्यांना भारी हौस.

३ फेब्रुवारी
ओहमचा नियम, भाग तिसरा. वरुण साहेब दारातून डोकावले, किट कुठेत म्हणाले. म्हटलं, फाउंडेशन चालू आहे. मान हलवून गेले. इम्प्रेस झाले असावेत.

१० फेब्रुवारी
बरोबर एक महिना उरला. क्लासमध्ये जाहीर केलं की माल डिफेक्टिव्ह आहे, परत पाठवतोय. रोहिणी म्हणाली, सर, केबल नुसती चार्जिंगची असेल. तसल्या केबलने मोबाइल चार्ज होतो, पण फोटो जात नाहीत.
मी तिला सर्वांसमोर समजावलं की बाई, तांबं ते तांबं. बॉयलरची वायरिंग बघण्यात माझी उभी हयात गेली. तिने पिशवीतून स्वतःची केबल काढून लावली. बोर्ड दिसला. दोन मिनिटांत दिवा लुकलुकायला लागला. टाळ्या.
आज माझ्या मार्गदर्शनाखाली बॅचचा पहिला दिवा लागला. पोरीला कसं सुचलं कोण जाणे. नशीब एकेकाचं.

१७ फेब्रुवारी
प्रोजेक्ट ठरवायचं होतं. माझी कल्पना: वरुण साहेब गेटमधून आत आले की बझरवर स्वागताची धून. भव्य! बॅच म्हणाली, नको. नरोलीत यांच्या चाळीला एकच टाकी. कोणी मोटर बंद करायला विसरतं, अर्धं पाणी गटारात जातं आणि सकाळी चाळीस खोल्यांची भांडणं होतात. म्हणून टाकी भरत आली की वाजणारा अलार्म हवा.
किती कोती बुद्धी! जग चंद्रावर चाललंय आणि यांची उडी टाकीपर्यंत. लोकशाही म्हणून परवानगी दिली.

२६ फेब्रुवारी
मी वर्गात फेऱ्या मारतो, मागे हात बांधून. कोणी काही विचारलं की ‘विचार करा’ म्हणतो. ही माझी खास पद्धत. विचार करून शेवटी सगळे रोहिणीकडे जातात. मंजुळाबाईंनीसुद्धा प्रोग्राममध्ये काहीतरी दुरुस्त केलं. काय ते मी विचारलं नाही. गुरूने फार खोलात जाऊ नये.

१० मार्च, सोमवार
डेमो. स्टेजवर बादली, वर सेन्सर. वाल्मिकने पाणी ओतलं, काठाशी आल्यावर बझर वाजला. मी वाकून नमस्कार केला.
मग वरुण साहेब म्हणाले, हा अर्ध्या बादलीलाच वाजवून दाखवा, सर, तुम्हीच करा. म्हटलं, विद्यार्थ्यांना संधी देणं हे माझं धोरण आहे. रोहिणीने एक आकडा बदलला, केबल लावली, काढली. अर्ध्या बादलीला वाजला.
साहेबांनी सगळ्यांना विचारलं, हे कोणी शिकवलं? आधी वाल्मिक म्हणाला, सरांनी. मग मंजुळाबाई. मग बाराही जण. सरांनीच!
माणसाच्या कष्टाचं चीज होतं.

१२ मार्च
बॅच होळीला गावी गेली. जाताना कोणी पाया पडलं नाही. आजकाल ती रीतच नाही.

१९ मार्च
एक्स्टेंशन मिळालं!! सुनीताने शिरा केला. २४ मार्चपासून दुसरी बॅच, तीस जण. साहेबांची अट एवढीच की या वेळी पहिल्या दिवसापासून किट हातात.
रोहिणीला टेक्निशियन ग्रेड, खडोलीच्या प्लांटला बदली, उद्यापासूनच. वाल्मिक, मंजुळाबाई सेकंड शिफ्टला. सकाळच्या क्लासला जुनं कोणीच नाही.
हरकत नाही. माझी पद्धत आहेच.

२२ मार्च, शनिवार
दुपारी रिकाम्या वर्गात किट उघडून बसलो. तीन तास. दिवा लागला नाही. रोहिणीने ठेवून दिलेली केबल होती, तरी लागला नाही.
मला येत नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला काही म्हणजे काही येत नाही.

२३ मार्च, रविवार
पेढ्यांचा बॉक्स घेऊन नरोलीला गेलो. अभिनंदन हे निमित्त. रोहिणीच्या खोलीत मंजुळाबाई चहा पीत बसलेल्या. पत्र्याच्या पेटीवर किट, पण आमचं नव्हे. रोहिणी म्हणाली, तिसऱ्या क्लासनंतर आम्ही वर्गणी काढून एक आणलं, रोज इथेच बसून शिकलो.
मी विचारलं, म्हणजे मला येत नाही हे...? म्हणाली, पहिल्या दिवशीच कळलं, सर.
मग डेमोला माझं नाव का घेतलंत? वाटलं होतं, माझ्या वयाचा मान ठेवला म्हणेल. ती म्हणाली, तुमचा क्लास नापास झाला असता तर कंपनीने क्लासच बंद केला असता. मागून येणाऱ्यांना काय मिळालं असतं? तुमच्यासाठी नाही बोललो, सर.
पेढे कोणीच उघडले नाहीत.
मग तिने किट माझ्यासमोर सरकवलं. स्वतः हात लावला नाही. म्हणाली, दिव्याचा लांब पाय प्लस, आखूड मायनस. दोनदा उलटा लावला. तिसऱ्यांदा भलत्याच भोकात. मंजुळाबाईंनी बोट धरून जागा दाखवली. चौथ्यांदा लागला.
दर रविवारी दहाला यायचंय. वही आणायची. उशीर चालणार नाही.
घरी सुनीताने विचारलं, कुठे होतात इतका वेळ?
म्हटलं, शिकवायला गेलो होतो.