आधी तुमी खा

आमचे व्याही कारभारीराव यांना तिसगावहून मच्छिंद्रचा रामराम.

तुमची गुडघेदुखी कशी आहे? (खरी असेल तर लवकर बरी होवो. लग्नात सामान उचलायच्या वेळीच ती नेमकी उठली होती, हे मी विसरलेलो नाही.) फोन न करता पत्र पाठवतोय, कारण मोबाईलवर कोण कान लावून बसलेलं असतं, काही सांगता येत नाही.

विषय नातीचा. मागं तुम्ही पेढे घेऊन आलात, तर आमच्या राजेश्वरीनं पेढा हातात धरून सख्ख्या आईच्या बापाला, म्हणजे तुम्हालाच, सांगितलं, "आधी तुमी खा." तुम्ही हसलात. आमची सून, म्हणजे तुमची पंकजा, मात्र रडली आणि पोरीला घेऊन तुमच्याकडं शिंगणापूरला आली. आता कानावर येतंय की पोरीला तिथल्याच शाळेत घालणार. का, तर म्हणे इथं राहिली तर या आजोबासारखी संशयी होईल!

आता यात माझा काय दोष? हे रक्तातच आहे. आमचे आजोबा दाढीला बसले की न्हाव्याचं पोरगं स्वतःच्या मांडीवर घ्यायचे, वस्तरा मानेवरून हटेपर्यंत सोडायचे नाहीत. वडील दूध आधी मांजराला पाजायचे. (मांजर म्हातारं होऊन मेलं, तरी वडिलांचा वहीम दुधावरच.) आमची ही म्हणते, "रक्त कसलं डोंबलाचं! रोज पह्यला घास मला चाखायला लावता, पोरगी काय आंधळी हाय व्हय?" (हिला सुनेनं फितवलेलं दिसतंय.)

बरं, शनिदेवाच्या भरवशावर तुमच्या गावासारखं तुमच्याही घराला दारच नाही. साखरपुड्याला आलो तेव्हा दुपारी जरा लवंडलो, तर पिशवी पायाला बांधून. उठलो तो पिशवीसकट तोंडावर आपटलो आणि तुमचं सगळं घर उचलायला धावलं. (दार नसल्याचा मला दिसलेला एवढाच फायदा.) तिथं वाढलेली पंकजा इथंही दार सताड उघडं टाकते. आणि पोरगी? आतून कडी लावते अन् खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला "या घरात, चा घ्या" म्हणते! अर्धी आमची, अर्धी तुमची. तिला पुरती तुमची करून टाकायचा हा डाव नाही कशावरून? तुमच्यासारखी भोळी झाली तर चालेल एक वेळ, पण मला विसरली तर काय करू? घर नुसतं खायला उठतंय हो.

तुमचा सावध व्याही,
मच्छिंद्र

ता.क. : पंकजाला सांगा, दाराची कडी काढून टाकली. (उशाखाली ठेवलीय, ते सांगू नका.)

आणखी एक : पेढे आणलेत. दाराला कडी नाही, म्हणून डबा मांडीवर घेऊनच बसलोय. पोरीला धाडून द्या. तिला म्हणावं, आधी मी खाईन.