आधी सोडा

२ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असं समजा. तुमची लेक ठीक आहे. तिचं प्रशिक्षण जोरात चालू आहे, पोरांना लांब उडी कशी शिकवायची ते स्वतः उड्या मारून शिकतेय आणि एकवीस तारखेला परत येतेय. ठीक नाही ते माझं.

फोन केला असता, पण मागच्या वेळी मी 'बूट' म्हणालो, तुम्ही 'सूट' ऐकलंत आणि कुणाचं लग्न आहे ते विचारत बसलात. तेव्हा कागदच बरा. कागदावर तरी घोटाळा होत नाही.

तर, पांढरे बूट. भिंगरीला खेळाच्या बाईंची नोकरी लागली तेव्हा तुम्ही शिवून दिलेले, तुमच्या हातचा शेवटचा जोड. रविवारी मला कपाट आवरायची दुर्बुद्धी झाली. म्हटलं बुटांना जरा हवा लागू दे, म्हणून टेबलावर काढून ठेवले. शेजारी माझा चहा होता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. डाव्या बुटाच्या नाकावर तळहाताएवढा डाग आहे. मी फुंकर मारली, रुमालाने पुसलं, मग त्याच्याकडे बघत बसलो.

बाबा, ती ते बूट घालत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, पण आता सांगून टाकतो. सहा वर्षं मऊ कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेत. महिन्यातून एकदा काढते, बघते, परत ठेवते. शाळेत बाजारचे घालून पळते. झिजले तर बाबा दुसरे कुठून शिवून देणार, असं म्हणते. अशा बुटांवर मी चहा ओतला. ती यायच्या आत काही करता येईल का? तुम्ही सांगाल तसं, अक्षरन् अक्षर करीन. आणि हे आपल्या दोघांत राहू द्या.

आपला घाबरलेला,
जावई

---

५ फेब्रुवारी

चि. जावईबापूंना अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. एवढं घाबरायला काय झालं? चाळीस वर्षं दुकानात बसलो, लोकांनी बुटांवर काय काय सांडलेलं पाहिलंय ते सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही. चहा म्हणजे किस झाड की पत्ती. गुपित माझ्या पोटात राहील, पोट मोठं आहे.

माझे हात नाचतात म्हणून अक्षरही नाचतं, तेव्हा थोडक्यात लिहितो. नीट वाचा. सगळ्यात आधी सोडा. वरच्या भोकापासून पार खालच्या भोकापर्यंत सोडा, अर्धवट नको, आळस नको. मग जीभ बाहेर ओढून एक दिवस सावलीत तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी ओलसर फडक्याने डाग टिपा, घासू नका. रबराच्या कडेला जुना दातांचा ब्रश आणि वाटाण्याएवढी टूथपेस्ट. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला ब्रश कसा धरायचा ते मी काय सांगणार. आत कागद कोंबा, पण छापील नको, नाहीतर बुटात बातम्या उमटतात. पाण्यात बुडवलेत तर गाठ माझ्याशी आहे.

बाकी, ती घालत नाही हे मला माहीत नव्हतं. दरवेळी विचारतो, बूट कसे आहेत गं? म्हणते, छान आहेत बाबा. मला वाटायचं, आपल्या हातून शेवटी काहीतरी बिघडलं आणि पोरगी माझं मन राखतेय. छान म्हणजे काय? छान तर कॅलेंडर असतं. बूट कसा झाला हे बनवणाऱ्याला कधीच कळत नाही, घालणाऱ्याने सांगावं लागतं. सहा वर्षं मी ते ऐकायची वाट बघतोय आणि बाईसाहेबांनी तो फळीवर ठेवलाय. असो. वाईट वाटलं, म्हणून लिहिलं.

काम झालं की कळवा. आमची आठवण काढताना चहा लांब ठेवत जा.

तुमचा,
बाबा

---

९ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राप्रमाणे सगळं केलं आणि बाबा, काहीतरी भयंकर झालंय.

वाण्याकडे गेलो. तो म्हणाला, सोडा दोन प्रकारचा, खायचा आणि धुवायचा. बूट खायचे नसतील तर धुवायचा न्या. तुम्ही प्रमाण लिहिलं नव्हतं, फक्त 'अर्धवट नको' होतं, म्हणून अख्खं पाकीट वापरलं. वरच्या भोकापासून पार खालच्या भोकापर्यंत चमच्याने घातला. नाडी घट्ट बांधलेली असल्यामुळे फार जिकिरीचं काम होतं, दोन-तीन भोकांत तर दातकोरणीने ढकलावा लागला. चहा एकाच बुटावर सांडला होता, पण दोन्ही सारखे दिसावेत म्हणून उजव्यालाही तेवढाच घातला.

मग जीभ ओढायला घेतली. ती काही येईना. तुम्ही सांगितलंय म्हणजे येणारच, असं म्हणून जोर लावला, तर डाव्या जिभेच्या बुडाची शिवण टर्रकन उसवली. एक दिवस सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ओलसर फडकं फिरवलं, तर सोड्याचा लगदा झाला. तो वाळल्यावर चामडं पुठ्ठ्यासारखं ताठ झालंय, जागोजागी पिवळट पडलंय आणि वाकवलं की बारीक चिरा दिसतात. चहाचा डाग मात्र गेला नाही.

तुमच्यावर संशय नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पण सोडा जास्त झाला का? बारा दिवस राहिलेत. मला कामावर सुचत नाहीये. काल एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले.

आपला हतबल,
जावई

---

१२ फेब्रुवारी

चि. जावईबापूंना अ. उ. आ.

अहो, नाडी सोडा. नाडी. सोडा म्हणजे गाठ सोडा, नाडी मोकळी करा. सोडा घाला असं मी कुठं म्हटलंय?

तुमचं पत्र वाचून आधी मला काही कळेना. मग दातकोरणीपाशी आलो आणि जे हसू फुटलं ते थांबेना. समोरचा घड्याळजी दुकान टाकून धावत आला, त्याला वाटलं म्हातारा गेला. त्याला पत्र वाचून दाखवलं तर तोही भिंतीला धरून बसला. तेव्हा गुपित आता तिघांत आहे.

चूक माझी. भिंगरीला लिहिलं असतं तर 'अगं, सोड' असं लिहिलं असतं आणि निम्मा अनर्थ टळला असता. तुम्हाला अहो-जाहो करतो, त्या मानाने बुटांचा जीव घेतला. मी नाडी हा शब्द खाल्ला आणि तुम्ही सोडा पाजला, दोघं सारखेच.

आता हसणं पुरे. आधी नाडी सोडा, म्हणजे काय ते आता कळलंय. कोरड्या मऊ ब्रशने सगळी पूड झाडा, भोकाभोकातली. वाटीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर, त्यात फडकं बुडवून पिळून घट्ट करा आणि चामडं हलक्या हाताने पुसा. सोड्याचा कडकपणा त्याने मरतो. सावलीत वाळवा, हीटरजवळ नको. मग बिनरंगी क्रीम बोटाने लावा, फडक्याने नाही, बोटाची ऊब लागते. थोडं लावा, मुरू द्या, परत लावा. चार दिवस हाच उद्योग. चामडं रुसलेल्या माणसासारखं असतं, एकदम बोलत नाही. नाड्या साबणाच्या कोमट पाण्यात टाका, त्यांचा काही दोष नव्हता.

राहिली शिवण. ती मला करता येणार नाही. सुईत दोरा ओवायला गेलो तर आता सुई एकीकडे जाते आणि दोरा दुसरीकडे. कुणाला हे बोलून दाखवत नाही, तुम्हाला लिहितो. सोबत दोन सुया आणि जाड दोरा पाठवलाय. दोऱ्याला मेण चोळा, दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. एका भोकातून दोन्ही सुया, एक इकडून, एक तिकडून, जुन्याच भोकांतून, नवं भोक पाडायचं नाही. प्रत्येक टाका दोन्ही हातांनी ओढून बसवायचा. तुम्ही माणसाच्या तोंडात बसेल असं काम करता, तुमचा हात नाजूक आहे. करा. बिघडलं तर मी आहे.

तुमचा,
बाबा

---

१८ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांना,
सा. न. वि. वि.

या वेळी तुमचं पत्र चारदा वाचलं आणि प्रत्येक क्रियापदापुढे पेन्सिलने कर्म लिहून घेतलं.

पूड झाडली. अजून घरात जिथे बघावं तिथे सोडा आहे. व्हिनेगरने पुसलं, वाळवलं, क्रीम लावलं. दोन दिवस काहीच फरक पडेना. तिसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबलं तर चामडं दबलं आणि परत वर आलं. मी एकटाच स्वयंपाकघरात नाचलो. आता बूट मऊ आहेत. पहिल्यासारखे पांढरेशुभ्र नाहीत, जुन्या कवळीसारखा किंचित पिवळसर रंग आलाय. डाव्या नाकावर दोन चिरा राहिल्यात, चहाचा डाग त्या पिवळसर रंगात लपलाय.

शिवणीला अडीच तास लागले. बारा टाके. पहिले तीन उसवून परत घातले. बाबा, तुमची जुनी भोकं एका रेघेत, एका अंतरावर आहेत, पट्टी लावून पाडल्यासारखी. त्यातून सुई घालताना मला तुमची थोडी भीतीच वाटायला लागली. आमच्या धंद्यात असं काम करणारा एकच माणूस मी पाहिला होता, तो माझा गुरू. फक्त एक घोळ झालाय. मेण म्हणालात, घरात मेण एकच, आमच्या कामाचं. ते हिरड्यांसाठी असतं, गुलाबी. दोराही गुलाबी झाला. अगदी हलका, पण दिसतो.

आता मुद्द्याचं. झाकता येईल, नाडी जरा खाली बांधली की शिवण दिसत नाही. पण मी तिला सांगणार आहे. तुमच्या पोटात राहील, माझ्या पोटात राहत नाही. तुम्ही मला लिहिलं होतंत की बूट कसा झाला ते ऐकायची वाट बघतोय, तेही सांगणार आहे. रागावू नका.

आपला,
जावई

---

२५ फेब्रुवारी

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघांनी मिळून माझ्या बुटांची काय दशा केलीत, हे मी दारात बॅग टेकवायच्या आत ऐकलं. तुमचे जावई पाणीसुद्धा विचारायला विसरले. एका दमात चहा, सोडा, जीभ, दातकोरणी, सगळं सांगून मोकळे झाले आणि बूट पुढे धरून उभे राहिले. मी दोन दिवस बोलले नाही. तुमच्याशीही बोलणार नव्हते, पण तुम्ही लांब असल्यामुळे तुम्हाला ते कळलं नसतं.

मला रडू आलं, बाबा. चिरा पडल्या म्हणून नाही. तुमचे हात आता पूर्वीसारखे होणार नाहीत हे मला माहीत आहे, पण ते बूट वर नवेकोरे असेपर्यंत मला त्याचा विचार करावा लागत नव्हता. फळी बघितली की वाटायचं, आहेत, सगळं जागच्या जागी आहे. आणि तुम्ही तिकडे समजत होतात की काम बिघडलं म्हणून मी घालत नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी घालून चिखलात नाचले असते. चुकलं माझं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घातले. जपण्यासारखं तसंही काही राहिलं नव्हतं. मैदानाला सहा चकरा मारल्या, मग पोरांना उड्या शिकवल्या, मग सगळा तास उभी होते. मुलींनी गुलाबी टाके बघितले आणि ही कुठली कंपनी म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरगुती.

आता तुम्हाला हवं ते लिहिते. मनात ठेवत नाही. तळवा इतका बेतशीर बसलाय की संध्याकाळी पाय दुखले नाहीत, असं मला आजवर कुठल्याही बुटात झालं नाही. पण डावा करंगळीला चावतो. चांगला फोड आलाय. आणि उजवी टाच सैल आहे, जोरात पळाले की पाय बाहेर येतो. पहिल्या उडीला बूट माझ्यापेक्षा लांब गेला.

तुमची,
भिंगरी

---

२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. मग घड्याळजीला हाक मारून वाचून दाखवलं. माझ्या बुटाने माझ्या लेकीच्या पायाला फोड आणला म्हणून मी गल्लीत बिस्किटं वाटली, लोकांना वाटतंय म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

करंगळीचं मला वाटलंच होतं. माप देताना तू एका पायावर उभी राहून कुणाशी तरी बोलत होतीस, तुझा डावा पाय जमिनीवर पुरता टेकलाच नव्हता. तेव्हाच रागवायला हवं होतं. टाचेचं मात्र कबूल, ते माझं चुकलं. त्या दिवसांत हात नुकता थरथरायला लागला होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. टाच कापताना सुरी सरकली, मला कळलं, तरी तसंच पुढे रेटलं. सहा वर्षं ती एक टाच मनात होती. आज तू लिहिलंस आणि हलकं वाटलं. कुणीतरी बरोब्बर तिथेच बोट ठेवलं.

रविवारी येतोय. येताना तुझ्या मापाचे लाकडी पाय आणतोय, ज्यांवर बूट ओढून शिवतात ते, आणि पिशवीभर पांढरं चामडं, जे मी उगाचच ठेवून दिलं होतं. जावयाला सांग, दोन दिवस कवळ्या बंद. मी शेजारी बसून सांगणार, त्याने कापायचं आणि शिवायचं. बारा टाके घालून झालेत, आता बाराशे घालेल. त्याला म्हणावं, यापुढे मी तुला अरे-तुरे करणार, फार मान देणं बुटांना परवडत नाही.

तोवर हेच घालत राहा. चावू दे. नेमकं कुठे चावतो तिथे खडूने खूण करून ठेव, मला बघायचंय.

लोभ आहेच. तो फळीवर ठेवू नये, रोज वापरावा.

तुझा,
बाबा